तिसरं औषध

ज्या प्लेटच्या पाकिटावर ‘एकदाच वापरा’ असं छापलेलं असतं, तसली एक प्लेट मी अकरा वेळा धुतली आहे. बाराव्या वेळी तिला कोपऱ्यात तडा गेला म्हणून फेकली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे, आणि छापून आलेल्या कुठल्याही कागदावर ते तुम्हाला सापडणार नाही.

मी विमला धाकू राऊळ. मुलुंडच्या एका खाजगी डेंटल कॉलेजात, जंतूंच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं अटेंडंट होते. अटेंडंट म्हणजे धुणारी. सुरुवातीला म्हणाले, कायम करू. मग मध्ये ठेकेदार आला. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवीन कामगार म्हणून परत घ्यायचे. अशी मी एकोणीस वर्षं नवीनच राहिले.

प्लेट म्हणजे जेवायची नव्हे. तळहाताएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, त्यात आप्पेपात्रासारखे खळगे. आठ आडव्या ओळी, बारा उभ्या, एकूण शहाण्णव. प्रत्येक खळग्यात थेंबभर औषध आणि थेंबभर जंतू घालायचे, एक दिवस उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खळगा गढूळ दिसला तर जंतू वाढले, नितळ दिसला तर औषध लागू पडलं. एवढंच असतं ते. डोळे असलेल्या कुणालाही कळेल. पण प्लेट बघायचा मान डॉक्टरांचा आणि धुवायचा माझा.

वापरलेल्या प्लेटमध्ये जंतू जिवंत असतात. म्हणून आधी त्या टबात बुडवायच्या. टबात जंतुनाशक. रंगाने निळं, म्हणून आम्ही त्याला निळं पाणीच म्हणायचो. मग साबण, मग एकेका खळग्यात कानातली काडी फिरवायची, मग नळाच्या पाण्याने सात वेळा विसळायचं, डिस्टिल्ड वॉटरने तीन वेळा. सात आणि तीन. हा आकडा कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या तिसऱ्या वर्षी मी एकदा घाईत चारच वेळा विसळल्या, तर त्या प्लेटांत जंतू धड वाढेचनात. तेव्हाच्या मॅडम म्हणाल्या, ‘विमला, निळं पाणी प्लॅस्टिकला चिकटून बसतं, सहज सुटत नाही.’ त्या दिवसापासून सात आणि तीन. त्यानंतर फक्त एकदा मोडलं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात.

त्या वर्षी लॅबमध्ये गंधाली होती. एम.डी.एस.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, रोज बोरिवलीहून बसने लिंक रोडवरून यायची. हुशार, आणि खरं सांगते, गोड. मला ‘मावशी’ म्हणायची. माझ्या डब्यातलं खायची, स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवायची. इतर पोरं मला हाकही मारत नसत, नुसत्या प्लेटा सिंकमध्ये टाकून जात.

तिचा विषय होता दात किडवणारा जंतू. म्युटन्स त्याचं नाव. हा साखर खातो आणि आम्ल टाकतो, त्या आम्लाने दात पोखरला जातो. त्याला मारायला औषध आहे, क्लोरहेक्सिडिन, चूळ भरायचं. झकास मारतं. पण जास्त दिवस वापरलं की दात आणि जीभ तपकिरी होतात, जेवणाची चव जाते. पोरांना महिनोन्‌महिने देता येत नाही. तर दुसरं काहीतरी जोडीला घालायचं, म्हणजे क्लोरहेक्सिडिन कमी लागेल. असं तिचं संशोधन.

जोडीला कोकम घ्यायचं हे विभागप्रमुख डॉक्टर देवव्रत यांनी ठरवलं. त्यांना ते कसं सुचलं? माझ्या डब्यातल्या सोलकढीवरून. कोकमाची सालं आणली कुणी? मी. कुडाळजवळच्या आमच्या वाडीतून, भावाला सांगून, मुद्दाम बिनमिठाची सुकवून. प्रबंधात लिहिलंय, ‘स्थानिक बाजारातून’.

गंधालीने मला गणित समजावलं होतं. “मावशी, एकट्याने मारायला औषध किती लागतं ते आधी बघायचं. मग जोडीत त्याचा कितवा भाग लागला ते बघायचं. दोघांचे भाग मिळवायचे. बेरीज एक आली तर काही खास नाही. अर्धा किंवा त्याच्या खाली आली, तर दोघं एकमेकांना खरीच साथ देतायत.”

“म्हणजे नवरा-बायको मिळून अर्ध्या कष्टात घर चालवतात, तसं.”

“हो! तसंच.”

“आमच्यात तसं नसतं गं. आमच्यात एकटी बायकोच दीड करते.”

ती एवढी हसली की हातातल्या नळीतलं टेबलावर सांडलं. ते मीच पुसलं.

मार्चमध्ये तिने एकेकट्या औषधाचे आकडे काढले. एप्रिलभर जोडी लावली. बेरीज येई एक, कधी एकाच्या वर. कोकम आणि औषध एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या जावांसारखे वागत होते. देवव्रत सर येऊन प्लेट उजेडात धरायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. तो न बोलण्याचा प्रकार फार वाईट होता. गंधालीच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं.

मग मे आला आणि पाणीकपात सुरू झाली. कॉलेजची टाकी अकरा वाजता खडखडीत. जे काही पाणी असेल ते आधी पेशंटच्या खुर्च्यांना, मग हॉस्टेलला, मग कॅन्टीनला. लॅब सगळ्यात शेवटी. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला सतत वाहतं पाणी लागतं, ते बंदच पडलं. मी देवव्रत सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “सर, टँकरच्या चार बादल्या तरी लॅबला द्या, प्लेटा विसळायला पाणी नाही.” ते लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, “ॲडजस्ट करा ना विमलाताई.”

मी ॲडजस्ट केलं. दोनदा विसळल्या. कधी एकाच बादलीत सगळ्या. लॅबच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात ज्या ज्या दिवशी पाणी नव्हतं त्या चौकोनात मी पेनने फुली मारत गेले. सवय मला. घरी गॅसची तारीख लिहिते, तशी.

नवीन प्लेटा का नाही आणल्या म्हणाल, तर मागणीचा कागद दोन वर्षं वरच्या मजल्यावर पडून होता. तो खाली आला नाही. प्लेटा मात्र रोज हव्याच.

आणि त्याच मे महिन्यात भावाने हंगामातलं ताजं कोकम पाठवलं. गंधालीने त्याचा अर्क काढला, जोडी लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती किंचाळली. मी धावत आले, वाटलं भाजलं की काय. प्लेट हातात धरून नाचत होती. खळग्यांमागून खळगे नितळ. क्लोरहेक्सिडिन नेहमीच्या चौथ्या भागावर, कोकम आठव्या भागावर. बेरीज अर्ध्याच्याही खाली. तिने पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. औषध न घातलेल्या खळग्यात जंतू जरासे विरळ वाढले होते, पण वाढले होते, तेव्हा तिकडे कुणी फारसं बघितलं नाही. एकेकट्या औषधाचे आकडे परत काढायला हवे होते. वेळ वाचावा म्हणून मार्चचेच घेतले.

“ताज्या कोकमाचा गुण!” सर म्हणाले. पेढे आले. मला दोन मिळाले. एक मी दिशासाठी पुडीत बांधून नेला.

दिशा माझी नात. मुलगा आणि सून दोघं कामावर, ती आमच्याकडेच असते. आम्ही भांडुपला टेकडीच्या उतारावरच्या चाळीत राहतो. दिशा खालच्या पालिकेच्या शाळेत तिसरीत. माझ्या नवऱ्याची, धाकूची, गिरणी गेली त्याला जमाना झाला, आता तो दारात बसून मिसरी लावतो आणि जगाला नावं ठेवतो.

जुलैत पाणी आलं. मी पुन्हा सात आणि तीन सुरू केलं. आणि गंधालीचा आकडा पुन्हा एकावर गेला.

कोकम तेच, बाटली तीच, जंतू तेच. चार दिवस ती वेड्यासारखी प्लेटा लावत होती. पाचव्या दिवशी सिंकजवळ येऊन उभी राहिली.

“मावशी, वाट लागली माझी. प्रबंध टाइप झालाय, सरांनी शाळेतल्या पोरांना ही चूळ द्यायचं ठरवलंय, आणि आता येतच नाहीये!”

मी विचारलं, “तो चांगला आकडा कुठल्या तारखांचा गं?”

“बारा ते अठ्ठावीस मे.”

मी कॅलेंडर काढलं, पानं मागे उलटली. बारापासून अठ्ठावीसपर्यंत फुल्याच फुल्या.  गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण तोंडातून निघून गेलं.

“एक काम कर. एक प्लेट घे. सगळी मी दोनदा विसळते, मग अर्धीला चिकटपट्टी लावून उरलेली अर्धी सात-तीन. दोन्हीकडे कोकम घालू नकोस. नुसतं तुझं क्लोरहेक्सिडिन, चौथा भाग, आणि जंतू.”

तिने लावली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ती खिडकीच्या उजेडात धरली. सात-तीनची बाजू ताकासारखी गढूळ. दोनदा विसळलेली बाजू नितळ, आरपार. कोकमाचा थेंबही नाही, आणि नितळ.

“निळं पाणी,” मी म्हटलं. “प्लॅस्टिकला चिकटलेलं. तुझ्या प्लेटांत दोन औषधं नव्हती बाय माझे, तीन होती. तिसरं माझ्या हातचं.”

गंधाली स्टुलावर बसली.  मग म्हणाली, “सरांना सांगायला हवं.” हे तीच म्हणाली, हे मी विसरलेली नाही. पुढे तिने काय केलं ते सांगताना हेही सांगायला हवं.

देवव्रत सरांच्या केबिनमध्ये आम्ही दोघी उभ्या. ते कधी आवाज चढवत नाहीत. चढवायची गरज पडत नाही त्यांना.

“विमलाताई, म्हणजे चूक तुमची.”

“माझी. पाणी नव्हतं.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं होतं. बादल्या मागितल्या होत्या. तुम्ही म्हणालात, ॲडजस्ट करा.”

ते गंधालीकडे वळले. “प्रबंधात प्लेटांबद्दल काय लिहिलं आहेस?”

“सर... नवीन, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या प्लेटा.”

“रजिस्टरमध्ये?”

“तेच, सर.”

“मग विमलाताई त्या धुतात कशा?” ते माझ्याकडे बोट न दाखवता म्हणाले, “जी प्लेट धुतलीच जात नाही, ती कमी विसळली गेली असं कसं म्हणता येईल?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. “मग मी एकोणीस वर्षं काय धुतलं, सर?”

“काचेची भांडी,” ते म्हणाले. “आणि ती तुम्ही फार छान धुता.”

मी म्हटलं, माझ्याकडे कॅलेंडर आहे. तेव्हा ते उठले, आमच्यापुढून चालत लॅबमध्ये गेले, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं आणि काखेत घेऊन परत आले. वर्तमानपत्र उचलावं तसं. “जुनं झालंय, नवीन देतो.” जुलै महिन्यात! गंधालीने सगळं बघितलं.  

बाहेर जिन्यात तिने माझा हात धरला. “मावशी, माझी तीन वर्षं गेलीत यात. आत्ता हे बाहेर आलं तर मला परत पहिल्यापासून... प्लीज. मी नंतर करेन ना दुरुस्त. पास झाले की लगेच करेन.”

“आणि शाळेतली पोरं?”

“त्याने काही कुणी मरत नाही, मावशी.”

खरं होतं ते. दात किडल्याने कुणी मरत नाही. नुसतं दुखतं.

शाळेचं असं होतं. भांडुपच्या त्याच शाळेत, दिशाच्या, ऑगस्टपासून सहा महिने रोज दुपारी पोरांनी या नव्या मिश्रणाची चूळ भरायची. क्लोरहेक्सिडिन चौथा भाग, म्हणजे जंतूला गुदगुल्या. कोकम आंबट, आणि आंबटाने दात झिजतात हे आमच्याच कॉलेजच्या जिन्यात रंगीत पोस्टरवर लिहिलंय. वर आणखी एक. त्या शाळेत दर सहा महिन्यांनी कॉलेजची गाडी जाऊन पोरांच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावायची. तो लेप खरोखर कामाचा. तो या सहा महिन्यांत बंद, नाहीतर चुळीचे आकडे बिघडतील. जे चालत होतं ते काढून घ्यायचं आणि जे चालत नाही ते द्यायचं, आणि मग पोरांच्या तोंडात वाकून बघायचं.

पण पोरांच्या घरच्यांच्या सह्या हव्या होत्या. कायदा आहे. बासष्ट फॉर्म. आणि ते बासष्ट फॉर्म कुणाच्या हातात दिले सरांनी? माझ्या. “तुमच्याच वस्तीतली मुलं आहेत. तुमचा शब्द चालतो तिथे.” हे त्यांनी त्या केबिननंतर चारच दिवसांनी सांगितलं, हसून. मला वाटतं त्यांना मी कळले होते. गरीब बाई, अकरा महिने सप्टेंबरात भरतात, जाईल कुठे?

आणि शब्द चालत होता हे खरंच. चाळीत कुणाची दाढ दुखली की माझं दार. विमलाताई डेंटलमध्ये आहे. विमलाताईने सांगितलं की लोक कागद न वाचता सही करणार. माझ्या एका ‘हो’वर बासष्ट पोरं तोंड उघडणार होती.

घरी धाकूला सगळं सांगितलं. तो बोटाने हिरड्यांवर मिसरी घासत होता. थुंकला आणि म्हणाला, “माजे दात मिसरेन खाल्ल्यान. तेवा कोण इल्लो सही घेवक?”

“चेष्टा नको. काय करू ते सांग.”

“माका विचारशीत तर गप रव गो. तुजी नोकरी जातली, आणि लोक तुकाच शिव्या देतले.”

“आणि दिशा?”

 दिशा उंबऱ्यात बसून गृहपाठ करत होती. तिच्या खालच्या दाढेला काळा ठिपका आहे. तो मी रोज बघते. धाकूने मिसरीची डबी बंद केली. “तिच्या कागदार मी सही करूचंय नाय,” एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळी मी चाळीच्या चौकात, गणपतीच्या मांडवाची जागा असते तिथे, सगळ्यांना बोलावलं. तीसएक बायका, सात-आठ पुरुष. फॉर्मचा गठ्ठा मांडीवर ठेवून मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर. प्लेट सांगितली, निळं पाणी सांगितलं, सात आणि तीन सांगितलं. चूक माझ्या हातून झाली तेही सांगितलं. म्हटलं, हे औषध चालत नाही, मला माहीत आहे, सही करू नका. उलट सगळ्यांनी मिळून अर्ज करू, की फ्लोराइडचा लेप बंद करू नका.

 मग द्रौपदी उठली. माझ्या शेजारच्या खोलीतली. पोळ्या लाटायला चार घरी जाते. तिचा देवेश दिशाच्या वर्गात. त्याचा डावा गाल पाच दिवस सुजलेला होता.

“विमलाताई, फॉर्मवर खाली काय लिहिलंय? सही करणाऱ्याच्या पोराचे किडके दात कॉलेज फुकट भरून देणार. लिहिलंय की नाही?”

“लिहिलंय.”

“अर्ज केल्यावर भरून देणार?”

“... नाही.”

“मग?” तिने देवेशला पुढे ओढला, त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे फिरवलं. “हा गाल बघ. रात्रभर रडतो. तुझं ते सात नि तीन तू ठेव. मला आज दाढ भरून हवी.”

“अगं, पण त्या चुळीने नव्या किडतील—”

“नव्या किडतील तेव्हा बघू! आणि काय गं, प्लेटा तू नीट धुतल्या नाहीस, आणि आता आम्हाला ग्यान देतेस? आमच्या पोरांचं फुकटचं मिळणारं घालवतेस?”

कुणीतरी मागून हसलं. कुणीतरी म्हणालं, “हिचं साहेबाशी वाजलं असेल.” एक म्हातारा म्हणाला, “डॉक्टर शिकलेले की ही?”

मला द्रौपदीचा राग आला, खूप आला. आणि ती जे बोलली त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे त्याहून वाईट. आमच्या पोरांचे दात कॉलेजने असेही भरून द्यायला हवेत. पण त्यांनी त्याचा गळ केला, आणि गळ टाकणाऱ्याला माहीत असतं मासा किती भुकेला आहे.

द्रौपदीने माझ्या मांडीवरून गठ्ठा उचलला. मी धरून ठेवू शकले असते. नाही धरला. तिनेच घरोघर फिरून सह्या घेतल्या. संध्याकाळी एकसष्ट फॉर्म माझ्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेले होते. सगळ्या सह्या, अंगठे, नीट. बासष्टावा दिशाचा, कोरा.

सोमवारी मी पिशवी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी फॉर्म मोजले नाहीत. चौकात मी काय बोलले ते त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. “एकसष्ट पुरेत,” म्हणाले. सप्टेंबरमध्ये माझे अकरा महिने भरले. एक दिवस घरी बसले. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी केला, तर ठेकेदार म्हणाला, “मॅडम, आता वयाचं बघतात.” एकोणीस वर्षं नवीन होते. एका दिवसात म्हातारी झाले.

मी गप्प बसले नाही. पालिकेच्या शाळा खात्याला पत्र दिलं, परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला पत्र दिलं. माझ्या अक्षरात, माझ्या मराठीत. एकाचं उत्तर आलं. ‘आपण धुतलेल्या प्लेटचा पुरावा सादर करावा.’ धुतलेल्या प्लेटचा पुरावा! प्लेट नीट धुतली की तिच्यावर काहीच उरत नाही, म्हणून तर ती धुतलेली. आणि ज्या प्लेटांवर उरलं होतं त्यांच्या तारखांच्या फुल्या सरांच्या काखेतून कुठे गेल्या, ते त्यांना माहीत.

गंधाली पास झाली. मेसेज आला होता, हात जोडलेले, खाली ‘सॉरी मावशी’. प्रबंधात आभाराच्या पानावर ‘प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी’ आहेत म्हणे. दुरुस्तीचं काही कळवलं नाही. मी उत्तर दिलं नाही. तिचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. परत करायला जात नाही आणि वापरतही नाही.

देवेशची दाढ भरली. हे सांगायलाच हवं. आतली नस साफ करून व्यवस्थित भरली, सूज उतरली. द्रौपदी मला दारात भेटते तेव्हा मान फिरवत नाही, उलट मुद्दाम म्हणते, “बघ, खातोय चणे.” मी म्हणते, “बरं झालं.” बरंच झालं.

डिसेंबरात एका दुपारी दिशा शाळेतून आली ती तोंडावर हात धरून. मी म्हटलं, दाढ दुखायला लागली वाटतं. हात बाजूला केला तर जीभ लालजांभळी.

“काय खाल्लंस?”

“काही नाही.”

“दिशा.”

“चूळ भरली.” मग एकदम रडायलाच लागली. “सगळे भरतात आजी. बाई मला एकटीलाच बाहेर उभी करतात. सगळे म्हणतात, हिच्या आजीने औषध बिघडवलं म्हणून हिला देत नाहीत. मग देवेश मला त्याच्यातलं अर्धं देतो. रोज.”

“रोज? कधीपासून?”

“दिवाळीच्या सुट्टीनंतर. रोज नळावर तोंड धुऊन येते, आज पाणीच नव्हतं. आंबट असतं गं, आपल्या सोलकढीसारखं. छान लागतं.”

धाकू दारातून बघत होता. 

मी तिला मोरीत नेलं. तांब्या भरला. “आ कर. भर तोंडात. खळबळ. थुंक.” पहिलं पाणी गुलाबी आलं. “परत.” दुसरं फिकट. चौथ्याला पाणी स्वच्छ दिसायला लागलं, तशी ती म्हणाली, “झालं ना आजी?”

“नाही झालं. दिसतं तेवढंच नसतं. भर.”

पाच. सहा. सात. तिचा फ्रॉक भिजला, हुंदके थांबले. मग तिने मला विचारलं, आता किती राहिले.

राहिले होते तीन. पण डिस्टिल्ड वॉटर आमच्या घरी नाही.